स्टॉल नंबर २७: जत्रेतल्या पाच संध्याकाळींचा हिशेब

माझी काकी कुडाळ तालुक्यात राहते. मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारट रस) आणि काजूगर हा तिचा माल. बुधवारी कुडाळच्या आठवडी बाजारात ती गोणपाट अंथरून बसते, पावतीवाला येऊन किरकोळ पैसे घेऊन पावती फाडतो आणि दुपारपर्यंत ती मोकळी होते. तिथे जागेचं भाडं हा विषयच नाही. कोण कुठे बसतं हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे, आणि गिऱ्हाईक मालाकडे नंतर बघतं, आधी काकीकडे बघतं.

२०२३ च्या ऑक्टोबरात तिला डोंबिवलीतल्या एका मालवणी जत्रेत स्टॉल घ्यायचा फोन आला. मी डोंबिवलीतच राहतो, एका खासगी कंपनीत हिशेब बघतो. त्यामुळे राहण्याची सोय आमच्याकडे आणि फॉर्म भरण्याचं कामही माझ्याकडे आलं. हिशेबाची नोकरी करणाऱ्या माणसाने तो फॉर्म ज्या पद्धतीने भरला, त्याबद्दल मला आजही थोडी लाज वाटते. म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट लिहून काढतो आहे. आयोजकांचं नाव घेत नाही. त्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे, ते पुढे येईल.

जत्रा ३ ते ७ जानेवारी २०२४, बुधवार ते रविवार, संध्याकाळी पाच ते दहा. दहा फूट बाय दहा फुटांचा कापडी मांडवाचा गाळा, दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक दिवा. भाडं १६,००० रुपये. कोपऱ्याचा गाळा हवा असेल तर २,००० जास्त. वर १८ टक्के जीएसटी, आणि ३,००० अनामत. सोबत मैदानाचा नकाशा होता. त्यात दोन गेटं दाखवली होती: रस्त्यावरचं मोठं, आणि स्टेशनकडून येणाऱ्या गल्लीतलं दुसरं. २७ नंबरचा गाळा या दुसऱ्या गेटाच्या अगदी तोंडाशी, कोपऱ्यावर. स्टेशनवरून चालत येणारा प्रत्येक माणूस आधी काकीला भेटणार, असं आम्ही दोघांनी फोनवर ठरवून टाकलं आणि २,००० जास्त भरले.

काकीचा हिशेब तोंडी होता. "अरे, अठरा हजार म्हणजे दिवसाक छत्तीसशे पडले. तेवढे तर आगळातसूनच येतले." मी हो म्हटलं. इथे पहिली चूक, आणि ती माझी. आगळाच्या बाटलीची किंमत २२० रुपये. त्यातले १४० रुपये बाटली, फळं, मीठ आणि गावातल्या मजुरीत आधीच गेलेले. छत्तीसशे रुपये *सुटायला* ४५ बाटल्या लागतात. ती गल्ल्याचा विचार करत होती आणि भाडं जातं नफ्यातून. कुडाळच्या बाजारात भाडं नगण्य, त्यामुळे हा फरक तिला कधी टोचलाच नव्हता.

मी कागद-पेन घेऊन बसलो ते गुरुवारी रात्री, जत्रेचे दोन दिवस संपल्यावर. कारण बुधवारचा गल्ला होता ६,४०० आणि गुरुवारचा ४,९००.

काकीच्या मालावर सरासरी रुपयाला ३६ पैसे सुटतात. मसाल्याच्या पाव किलोच्या पाकिटावर दोनशेत ऐंशी, अर्धा किलो पिठावर एकशेवीसात पन्नास, आमसुलांवर दीडशेत पंचावन्न. काजूवर मात्र पाचशेत जेमतेम सत्तर. काजू गल्ला फुगवतो, पोट भरत नाही. आता खर्च: भाडं आणि जीएसटी मिळून २१,२४०. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेल्या मालाचे १,८००. काकी आणि तिच्या बचत गटातली शेजारीण, दोघींचं रेल्वेने येणं-जाणं साधारण १,५००. मैदानापर्यंतच्या रिक्षा-टेम्पोचे ९००, फ्लेक्सचे ६००, पिशव्या आणि लेबलांचे १,१००. जादा दिव्याचे ५०० (एका दिव्यात आगळाच्या बाटल्या काळ्या दिसत होत्या). मदतीला ठेवलेल्या मुलीचे २,०००, चहापाणी आणि किडूकमिडूक ८६०. एकूण ३०,५००.

३०,५०० ला ३६ टक्क्यांनी भागलं की ८४,७०० च्या आसपास येतं. एवढी विक्री झाली तर हात कोरडे राहणार, पदरात काही नाही. पाच संध्याकाळी, म्हणजे रोज साधारण १७,०००. आमचं एक बिल सरासरी २८० रुपयांचं होत होतं. म्हणजे संध्याकाळी साठ बिलं, तासाला बारा, दर पाच मिनिटांना एक गिऱ्हाईक, तेही सलग पाच तास. हा आकडा काढून मी पेन खाली ठेवलं. गुरुवारी आमची जेमतेम सतरा-अठरा बिलं झाली होती.

गेट खंय गेलो?

बुधवारी दुपारी माल घेऊन मैदानावर पोहोचलो तेव्हा काकीचा पहिला प्रश्न होता, "ह्यो दुसरो गेट खंय गेलो?" गल्लीच्या बाजूला पत्रे ठोकलेले होते. विचारल्यावर कळलं की त्या बाजूला माणूस ठेवायचा, तपासणी करायची म्हणजे जादा खर्च, आणि गल्लीत गाड्या लागतात म्हणून तक्रारी येतात. तेव्हा यंदा एकच गेट. नकाशा गेल्या वर्षीचा होता.

म्हणजे जो गाळा प्रवेशाच्या तोंडाशी म्हणून घेतला तो आता बंद बोळाच्या टोकाला होता. कोपरा होता खरा, पण दोन्ही बाजूंनी कुणी येत नसलेला कोपरा. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात वाक्य होतं: प्रवेशद्वारं आणि मांडणी यांत बदल करण्याचा अधिकार आयोजकांकडे राहील. मी ते ऑक्टोबरात वाचलं होतं. सही करण्याआधी समोरचं कलम वाचणं वेगळं, आणि ते कलम आपल्या पैशांवर नेमकं कुठून येऊन बसेल ते ओळखणं वेगळं. कोपऱ्याचे जादा पैसे गेटमुळे देतोय, तर गेट राहणार का, हे एका ओळीच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात विचारता आलं असतं. उत्तर लेखी राहिलं असतं.

भरीला रंगमंच. आमच्या रांगेची पाठ रंगमंचाला, आणि ध्वनिक्षेपकांची एक जोडी आमच्या डोक्यावर. बुधवारी डबलबारी होती, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. भजनाची डबलबारी मला स्वतःला फार आवडते, पण तिच्या खाली उभं राहून आगळ आणि अमृत कोकम यांतला फरक समजावून सांगून बघा. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. अमृत कोकमात साखर असते, ते सरबताचं. एक बाई आगळाची बाटली सरबत म्हणून घेऊन गेल्या आणि गुरुवारी परत घेऊन आल्या: "खारट आहे हो." बिचाऱ्यांना आदल्या दिवशी काकी काय सांगत होती ते ऐकूच आलं नव्हतं. पैसे परत दिले.

गुरुवारी दशावतार. मैदान भरलेलं, हजारभर खुर्च्या, लोक उभे. आणि आमच्यासमोर रिकामी वाट. शेजारच्या गाळ्यातले खाजंवाले गृहस्थ म्हणाले, "एवढी गर्दी आहे, होईल विक्री." काकीने मान हलवली. "बसलेलो माणूस काय घेणा नाय." मला हे वाक्य त्या पाच दिवसांतलं सगळ्यात कामाचं वाटतं. स्टॉल विकताना आयोजक गर्दीचा आकडा सांगतात, आणि ते खोटंही नसतं. पण त्या गर्दीतली बसलेली किती, जेवायच्या रांगेत अडकलेली किती आणि चालती किती, हा खरा प्रश्न. पीठ-मसाला विकणाऱ्याला चालती गर्दी लागते. दशावताराला आलेला माणूस दोन-अडीच तास खुर्ची सोडत नाही, आणि खेळ संपतो तेव्हा दहा वाजलेले असतात. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावेच लागतात, त्याबरोबर दिवेही जातात.

मी मग मोजायलाच लागलो. गुरुवारी साडेसात ते पावणेआठ या पंधरा मिनिटांत आमच्या गाळ्यासमोरून २२ माणसं गेली. मोठ्या गेटाकडून जेवणाच्या गाळ्यांकडे जाणाऱ्या मुख्य वाटेवर तेवढ्याच वेळात १४० च्या वर. समोरून जाणाऱ्या वीस-एकवीस माणसांत एक जण काहीतरी विकत घेतो, असं दोन दिवसांचं प्रमाण दिसत होतं. तासाला बारा बिलं हवी असतील तर तासाला अडीचशे माणसं समोरून जायला हवीत, म्हणजे पंधरा मिनिटांत साठ. आमच्यापुढे बावीस. मालात काही खोट नव्हती, काकीच्या बोलण्यात तर नाहीच. गणितच बसत नव्हतं.

मार्गशीर्षाचा मुद्दा

गुरुवारी रात्री जेवताना शेजारणीने वेगळंच कारण काढलं. "मार्गशीर्षातलो गुरुवार आज. आज मालवणी मसाल्याकडे कोण बघतलो?" मी उठून भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. खरंच, ४ जानेवारी हा मार्गशीर्षातला चौथा गुरुवार, महालक्ष्मीच्या व्रताचा. मुंबई-ठाण्याकडच्या कितीतरी घरांत हा अख्खा महिना मासे-मटण बंद, आणि जी घरं महिना पाळत नाहीत तीही गुरुवार पाळतात. माशाच्या थाळ्या हे मालवणी जत्रेचं मुख्य आकर्षण. ती घ्यायला येणाराच कमी झाला तर जाता-येता मसाला घेणाराही कमी. मार्गशीर्ष ११ जानेवारीला संपत होता. एका आठवड्याचा फरक. ऑक्टोबरात तारखा ठरवताना ना आयोजकांनी पंचांग पाहिलं, ना आम्ही. खरं तर काकीच्या घरी दिनदर्शिका बघितल्याशिवाय जातं मांडत नाहीत.

मला हे कारण फार पटलं. इतकं, की मी रात्री गेटाचा विषय सोडूनच द्यायला निघालो होतो. पण पुढे काय झालं ते पाहिलं तर या कारणाला किती वजन द्यायचं ते कळतं. रविवारी, ७ तारखेला, एकादशी होती. तीही मार्गशीर्षातली. माशाच्या गाळ्यांवरची मंडळी कपाळाला हात लावून बसली होती. आणि आमची सगळ्यात जास्त विक्री त्याच दिवशी झाली. उपास असलेला माणूस मसाला *खात* नसतो, पण घरी *नेऊ* शकतो. शिवाय आमसुलं आणि कुळीथ यांना कुणाच्या गुरुवाराशी देणंघेणं नाही. तिथीमुळे जत्रेला येणारी माणसं घटतात, हे खरं. आमच्यासमोरून कुणीच न जाण्याचं खापर मात्र तिथीवर फोडता येत नाही.

शुक्रवारी काय बदललं

तीन गोष्टी, त्यातली एक मोठी.

शुक्रवारी सकाळी आमच्या रांगेतले पाच गाळेवाले एकत्र झाले. सगळ्यांनी कमी-जास्त भाडं नकाशा बघूनच भरलेलं. मी आयोजकांच्या माणसाला नकाशाचा फोटो, पत्र्यांचा फोटो आणि गुरुवारचं माझं मोजमाप पाठवलं. पैसे परत मागितले नाहीत. ते मागितले असते तर त्यांनी मागच्या पानावरचं कलम दाखवलं असतं आणि बोलणं तिथेच संपलं असतं. मागणी एवढीच केली, की संध्याकाळी सहा ते दहा दुसरं गेट उघडा, तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाची मजुरी आम्ही पाच जण वाटून देऊ. तीन दिवसांची. माणूस आमच्या ओळखीचा नको, तुमचाच ठेवा.

ते आले, बघितलं, आणि तासाभरात दोन पत्रे काढले. मजुरीचे पैसे त्यांनी शेवटी घेतले नाहीत, हेही सांगायला हवं. बोलताना त्यांचीही बाजू कळली. मैदानाचं भाडं, मांडव, महावितरणकडून घेतलेली तात्पुरती वीजजोडणी, पोलिसांची परवानगी, कलाकारांचं मानधन, हे सगळं जत्रा सुरू होण्याआधी भरावं लागतं, आणि प्रायोजक हात आखडता घेतात तेव्हा गाळ्यांचं भाडंच त्यांना तारतं. एक माणूस वाचवणं त्यांच्या कागदावर बचत दिसत होती. त्या बचतीची किंमत आमच्या रांगेने दिली, इतकंच.

गेट उघडल्यावर त्याच वेळेला, साडेसात ते पावणेआठ, पुन्हा मोजलं: ८५ माणसं. अकरा थांबली, चौघांनी घेतलं.

दुसरं, शंभर ग्रॅमची पाकिटं. आमच्यापासून तीन गाळे सोडून आणखी एक मालवणी मसाला होता, ६०० रुपये किलोने. काकीचा ८००. भाव पाडायला काकी तयार नव्हती, आणि ते बरोबरच होतं. पण अनोळखी मसाला पाव किलो कोण घेणार? लोक विचारत होते, थोडा सुटा द्या. सुटा द्यायचा तर काटा वैधमापन खात्याचा शिक्का असलेला हवा, आणि आमच्याकडे होता तो स्वयंपाकघरातला. म्हणून गुरुवारी रात्रीच आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून पाकिटं फोडून शंभर-शंभर ग्रॅमची केली, ९० रुपयाला. लेबलं नवी छापावी लागली: वजन, किंमत, तयार केल्याचा महिना, पत्ता, फोन आणि अन्न नोंदणीचा क्रमांक. काकीची नोंदणी आधीपासून होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांसाठीची साधी नोंदणी, फी तेव्हा वर्षाला १०० रुपये. आयोजकांनी तिची प्रत फॉर्मसोबतच मागितली होती. ती नसती तर गाळाच मिळाला नसता. (घरात दोन दिवस मसाल्याचा ठसका होता, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय चाललंय काय?" त्यांनीच पुढे दोन किलो घेतला.)

तिसरं, सोलकढी. गाळ्यावर शेगडी लावायला वेगळी परवानगी लागते, पण सोलकढीला शेगडी लागतच नाही. बायकोने घरून थर्मासमधून आणली, छोट्या कपांतून घोट-घोट दिली. ध्वनिक्षेपकाखाली शब्दांपेक्षा घोट चालतो. शनिवारी रात्री आगळ संपला. काजू निम्मा परत गेला.

शुक्रवार १३,२००. शनिवार २१,७००. रविवार २७,३००.

यातलं किती गेटामुळे आणि किती शनिवार-रविवारमुळे, हे मी छातीठोकपणे वेगळं करू शकत नाही. महिन्याचा पहिला आठवडा होता, पगार झालेले होते, सुट्टीचे दिवस होते. शुक्रवारचा आकडा मला जास्त बोलका वाटतो, कारण तो कामाचाच दिवस होता आणि बुधवारच्या दुपटीवर गेला. पण तेव्हा शंभर ग्रॅमची पाकिटंही आलेली होती. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलतात. आम्ही बुडत होतो, हाताला लागेल ते बदललं.

शेवटचा हिशेब

पाच दिवसांची विक्री ७३,५००. त्यावर सुटले २६,४६०. खर्च ३०,५००. तूट ४,०४०.

अनामत तीन आठवड्यांनी परत आली, ५०० रुपये कापून. कारण: टेबलावर डाग. शनिवारी आगळाची एक बाटली फुटली होती आणि आगळाचा डाग जात नाही, हे कुणीही कोकणी माणूस शपथेवर सांगेल. कराराचा कायदा म्हणतो की अनामतीतून कापायचं ते झालेल्या नुकसानीच्या बेताने, पण पाचशे रुपयांसाठी कायद्याकडे कोण जातो? पहिल्या दिवशी टेबलावर प्लास्टिक अंथरलं असतं तर शंभर रुपयांत काम होतं. तूट ४,५४०.

जीएसटीचे ३,२४० रुपये हा वेगळा धडा. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख, काकी तिच्या जवळपासही नाही, म्हणून तिची नोंदणी नाही. आणि म्हणूनच तिने भरलेला कर तिला कुठे वळता करून घेता येत नाही. तो सरळ खर्च. मिळालेल्या पावतीवर आयोजकांचा जीएसटी क्रमांकच नव्हता. मी मागितल्यावर रीतसर बिल दुसऱ्या आठवड्यात आलं. कर घेणाऱ्याने क्रमांक असलेलं बिल द्यायलाच हवं. ते पैसे भरण्याआधी मागायचं असतं, भरल्यावर मागणं म्हणजे विनवणी.

काकीच्या वहीत ९६ नंबर लिहिलेले होते. हे तिचं स्वतःचं डोकं. प्रत्येक बिलामागे ती विचारायची, "मे महिन्यात वर्षाचो मसालो करतंव, सांगू काय तुमका?" मेअखेरपर्यंत जत्रेच्या ओळखीतून ३४ किलो मसाल्याच्या ऑर्डरी आल्या, पार्सलचा खर्च घेणाऱ्यांचा. जत्रेचं कौतुक करणारे इथे ३४ किलोचा नफा धरतील. मी धरत नाही. त्यातले ९ किलो आमच्याच इमारतीतल्या लोकांचे, जे काकी माझ्याकडे चार दिवस नुसती राहायला आली असती तरी घेतले गेले असते. उरले २५ किलो, किलोमागे ३२० प्रमाणे ८,०००. तूट वळती करून हाती ३,४६०.

दोघी बायका सात-सात दिवस घराबाहेर. माणशी दिवसाला २४७ रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवर दिवसाची मजुरी २७३ होती. आणि आमची मोजणी, आमची रात्रीची पाकिटं, बायकोची सोलकढी हे सगळं फुकटात धरलेलं आहे.

तरीही मी याला वाया गेलेली जत्रा म्हणणार नाही, पण "ओळख झाली, जाहिरात झाली" असं म्हणून झाकणारही नाही. शुक्रवार ते रविवार तीनच दिवस, दुसरं गेट उघडं आणि भाडं त्याच प्रमाणात कमी, एवढं असतं तरी हिशेब वेगळा दिसला असता: तीन दिवसांची विक्री ६२,२००, त्यावर सुटलेले साधारण २२,४००, आणि भाडं करासकट १२,७०० च्या आसपास. इतर खर्च जरा कमी धरून वर पैसे राहतात. पहिले दोन दिवस आम्ही ८,५०० रुपये देऊन रिकाम्या बोळात बसलो होतो.

सगळ्यात सोपी गोष्ट जी आम्ही केली नाही ती अशी: याच आयोजकांची एक जत्रा डिसेंबरात शेजारच्या उपनगरात झाली होती. लोकलने वीस मिनिटं. एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन आमच्यासारख्या गाळ्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहिलो असतो, दोन मसालेवाल्यांना "गेल्या वर्षी नकाशाप्रमाणे जागा मिळाली का" एवढं विचारलं असतं, तर फॉर्मच्या मागचं बारीक अक्षर आपोआप मोठं झालं असतं. गाळेवाले याबाबतीत फार मोकळेपणाने बोलतात. गिऱ्हाईक नसतं तेव्हा तर तासभर.

२०२४ च्या ऑक्टोबरात आयोजकांचा पुन्हा फोन आला. १ ते ५ जानेवारी, पुन्हा बुधवार ते रविवार. जुने गाळेवाले म्हणून भाडं तेच. मी तीन दिवसांचा गाळा मागितला, ते नाही म्हणाले. मग खाजंवाल्यांबरोबर अर्धा-अर्धा घेऊ का विचारलं. फॉर्मात पोटभाडं चालणार नाही असं लिहिलेलं असल्याने दोघांची नावं फॉर्मावर घालून तसं लेखी द्या म्हटलं. त्यावर ते तयार झाले. हे सगळं सांगायला मी काकीला फोन केला आणि मोठ्या हुशारीने म्हणालो की या वेळी मी दिनदर्शिकाही बघून ठेवली आहे.

"मियां पण बघितलंय," काकी म्हणाली. "मार्गशीर्ष तीस डिसेंबराक संपता. ता सोड. तेंका इचार, दुसरो गेट खंयच्या तारखेक उघडतलो."

मी विचारलं आहे. उत्तर लेखी मागितलं आहे.